शेजाऱ्यांची झोप आणि सरकारचा गल्ला

पुणे शहराच्या पूर्वेकडील कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, मुंढवा, विमाननगर आणि पश्चिमेकडील बाणेर, बालेवाडी या उपनगरांत गेली काही वर्षे एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडत आला आहे. एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावर किंवा गच्चीवर सुतारकाम सुरू होते. नवे उपाहारगृह येत असावे, अशा समजुतीने रहिवासी स्वस्थ असतात. पुढे कोणाच्या तरी तोंडून कळते की, तेथे मद्यविक्रीचा परवाना मागितला असून रात्री दीड वाजेपर्यंत ते स्थान चालणार आहे. मग धावपळ सुरू होते. सह्यांचे अर्ज फिरतात, शिष्टमंडळे पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कचेरीत जातात, आमदारांच्या दारी निवेदने पोचतात. या सर्व खटाटोपाला बहुधा एकच उत्तर मिळते. ते असे की, परवाना नियमानुसार देण्यात आला आहे किंवा देण्यात येत आहे. उत्तर खोटे नसते. पण ते अपुरे असते. नियमानुसार दिलेला परवाना शेजाऱ्यांना न विचारता कसा दिला जातो, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचाच विचार आज येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

मद्यगृहाच्या परवान्यासारखा किरकोळ विषय पहिल्या पानावर कशाला, असे एखादा वाचक विचारील. त्याने १९ मे २०२४ ची पहाट आठवावी. कल्याणीनगरात त्या दिवशी पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव मोटारीने एका मोटारसायकलीला धडक दिली आणि माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारे दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, जागच्या जागी गतप्राण झाले. मोटार चालविणारा सतरा वर्षांचा होता आणि त्यापूर्वी तो शहरातील दोन मद्यगृहांत जाऊन आला होता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. बाल न्याय मंडळाने अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह दिलेल्या जामिनामुळे देशभर संताप उसळला. त्यानंतर उत्पादन शुल्क विभागाला जाग आली, मद्यगृहांना टाळी ठोकली गेली, तपासण्यांचे सत्र सुरू झाले. परंतु त्या परिसरातील रहिवासी रात्रीच्या गोंगाटाबद्दल आणि बेफाम वाहनांबद्दल त्याआधीपासूनच तक्रारी करीत होते. त्यांचे म्हणणे ऐकण्याची जागा शासनयंत्रणेत कोठेच नव्हती, आणि अपघाताने जे एका रात्रीत घडविले, ते अर्जांच्या गठ्ठ्यांनी घडले नव्हते. दोन जीव गेल्यावाचून नागरिकाची तक्रार खरी ठरत नसेल, तर तो विषय किरकोळ खचित नव्हे.

या प्रकरणाचे मूळ समजण्यासाठी कायद्याकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रात मद्यविक्रीचे सारे परवाने ज्या कायद्याखाली दिले जातात, त्याचे नाव दारूबंदी कायदा असे आहे. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्याने १९४९ साली तो संमत केला. मद्याचे उत्पादन, विक्री, बाळगणे आणि सेवन यांवर सरसकट मनाई आणि त्या मनाईतून अपवाद म्हणून परवाने, अशी या कायद्याची रचना आहे. पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा, ही अट आजही कागदावर आहे. ‘परमिट रूम’ हा आपल्या भाषेत रुळलेला शब्द त्याच अटीचे अपत्य होय. मद्यार्क अधिक असलेल्या पेयांसाठी पंचवीस आणि बिअर व वाइन यांसाठी एकवीस वर्षांची वयोमर्यादाही याच व्यवस्थेतली. पुढे मनाई हळूहळू सैल होत गेली, अपवाद वाढत गेले, आणि आज अपवाद हाच नियम झाला आहे. पण कायद्याची चौकट बदललेली नाही. मनाई मुळाशी आहे आणि परवाना हा सवलतीचा भाग आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याची काही कलमे रद्द केली, परंतु त्याचा गाभा वैध ठरविला. १९५४ साली अजमेरच्या कुंवरजी भरुचा प्रकरणात त्याच न्यायालयाने असे ठरविले की, किरकोळ मद्यविक्री करण्याचा कोणाही नागरिकाला उपजत हक्क नाही. खोडे डिस्टिलरीज प्रकरणात चार दशकांनी तोच सिद्धान्त अधिक विस्ताराने मांडला गेला. पुस्तकांचे किंवा कापडाचे दुकान काढणारा मनुष्य घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यावर बोट ठेवू शकतो. मद्यगृह काढणाऱ्याला तसे करता येत नाही. तो शासनाकडे सवलत मागतो. जो सवलत मागतो, त्याने तिच्यामुळे इतरांस उपद्रव होणार नाही हे पटवून द्यावे, हा साधा न्याय आहे. प्रत्यक्षात मात्र सारे उलटे चालते. अर्जदाराने कागदपत्रे जोडली की त्याची बाजू पूर्ण होते, आणि उपद्रव होईल हे सिद्ध करण्याचा भार शेजाऱ्यावर येऊन पडतो. तोही परवाना हातात पडल्यानंतर.

अर्ज आला म्हणजे शासन काय पाहते? जागेचा हक्क, बांधकामाचे नकाशे, उपाहारगृहाचा आणि आरोग्याचा परवाना, पोलिसांचा अहवाल, आणि शाळा वा देवळापासूनचे अंतर. नियमांत हे अंतर शहरी भागासाठी ७५ मीटर सांगितले आहे. म्हणून अर्ज आला की मोजपट्टी निघते. अंतर कोठून मोजावयाचे, दारापासून की कुंपणापासून, यावर वाद होतात. मीटरचा हिशेब जुळला की प्रकरण मार्गी लागते. आता यातील विसंगती पाहा. शाळा दुपारी वा सायंकाळी सुटते, देवळाचे दरवाजेही शेजारतीनंतर बंद होतात. रात्री अकरा ते दीड या वेळात मद्यगृहाच्या शेजारी खरोखर कोण असते? वरच्या मजल्यावर झोपलेले कुटुंब असते, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी असते, नुकताच रुग्णालयातून घरी आणलेला वृद्ध असतो. त्यांच्या खिडकीपासून मद्यगृहाच्या दारापर्यंत किती मीटर अंतर असावे, हे नियम विचारीत नाही. जी वास्तू त्या वेळी रिकामी असते तिला संरक्षण आहे, आणि जे घर भरलेले असते त्याला नाही.

दुसरी विसंगती आम्हां वृत्तपत्रवाल्यांच्या रोजच्या परिचयाची आहे. एखाद्या सभासदाने सोसायटीचा भाग-दाखला गहाळ केला, किंवा कोणी सदनिका विकत घेण्याचे ठरविले, की वकिलामार्फत ‘जाहीर नोटीस’ प्रसिद्ध होते. कोणाची हरकत असल्यास ती अमुक दिवसांत पुराव्यासह कळवावी, न कळविल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल, असे तीत म्हटलेले असते. गहाळ झालेल्या कागदाच्या एका तुकड्यासाठी सबंध शहराला विचारले जाते. शंभर कुटुंबांच्या रात्री बदलून टाकणाऱ्या मद्यगृहासाठी मात्र त्या शंभर कुटुंबांना विचारण्याची अशी सर्वांस ठाऊक असलेली व काटेकोरपणे पाळली जाणारी पद्धत आपल्याकडे रूढ नाही. अर्ज सरकारी कचेरीत जातो आणि निर्णय त्याच कचेरीतून बाहेर पडतो. मधल्या काळात जे घडते ते अर्जदार आणि अधिकारी या दोघांनाच ठाऊक असते. अशा अंधारातच संशय जन्माला येतो, आणि प्रामाणिक अधिकाऱ्याचा प्रामाणिक निर्णयही लोकांना विकत घेतलेला वाटू लागतो.

रहिवाशांची तक्रार नेमकी कसली आहे, हेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिची ‘जुन्या पिढीची कुरकुर’ अशी संभावना करण्याची फॅशन पडली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात ५५ डेसिबल आहे. दहाचा हा फरक दिसावयास क्षुल्लक आहे; परंतु डेसिबलचे माप गुणाकाराने चढणारे असल्यामुळे ५५ डेसिबलमध्ये ४५ च्या दहापट ध्वनिऊर्जा असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी घालून दिलेली रात्रीची मार्गदर्शक मर्यादा तर घराबाहेर ४० डेसिबल आहे. त्यातही एक मेख अशी की, आपले मोजमाप मानवी कानाच्या धाटणीने केले जाते व त्यात खर्जाच्या ध्वनीला कमी वजन मिळते. रात्रीच्या मद्यगृहातील संगीताचा त्रास मुख्यतः याच खर्जाच्या ठोक्यांचा असतो. ते भिंतीतून व खांबांतून वर चढतात आणि उशीला कान लावला तरी ऐकू येतात. म्हणून यंत्रावरचा आकडा मर्यादेत आहे आणि घरातला माणूस मात्र जागा आहे, असा प्रकार होऊ शकतो.

शिवाय गोंगाट आतल्या संगीताचाच असतो असे नाही. दीड वाजता दारे मिटतात तेव्हा शंभर-दोनशे माणसे एकदम रस्त्यावर येतात. गाड्यांची दारे आपटतात, भाड्याच्या मोटारींचे भोंगे वाजतात, निरोपाचे बोलणे आरड्याओरड्यावर जाते, कधी हातघाईवरही येते. दोन मोटारींना जेमतेम जागा असलेल्या गल्लीत चाळीस मोटारी उभ्या राहतात. त्या वेळी रुग्णवाहिका यावयाची झाली तर ती येणार कोठून? गच्चीवरच्या मद्यगृहांची गोष्ट आणखी वेगळी आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंदिस्त जागेतच चालविता येतो, असे नियम स्पष्ट सांगतो. आकाशाखाली मोकळी असलेली गच्ची बंदिस्त कशी ठरते, हे सांगण्यास कोणीही पुढे येत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयी दिलेल्या निकालाचा आशय असा आहे की, आपल्या जागेतही दुसऱ्याच्या घरात शिरेल असा आवाज करण्याचा हक्क कोणाला सांगता येणार नाही. शांततेने राहणे हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे. तेव्हा झोप मागणारा नागरिक कृपा मागत नसून आपला हक्क मागत असतो.

परवाना दिल्यानंतर दाद मागण्याची सोय नाही असे नाही. पण ती कशी आहे ते पाहावे. पोलिसांना दूरध्वनी करावा, तर गस्तीची गाडी येईपर्यंत आवाज खाली आलेला असतो आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की पुन्हा वर जातो. मतदानाने दुकान बंद करण्याचा ‘आडवी बाटली, उभी बाटली’ हा उपाय महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, आणि खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी त्याच्या बळावर मोठे पराक्रम केले आहेत. परंतु त्यासाठी आधी मोठ्या संख्येने सह्या गोळा कराव्या लागतात आणि मग मतदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस मिळवावी लागतात. जेथे सर्वजण एकमेकांस ओळखतात त्या गावात हे साधते. जेथे निम्मी घरे भाड्याने दिलेली आहेत आणि मतदारयादीतील कित्येक नावे केव्हाच परगावी गेली आहेत, अशा उपनगरात ते जवळजवळ अशक्य आहे. शिवाय हा उपाय ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढेच विचारतो. ‘ठेवा, पण अकराला बंद करा’ असे म्हणण्याची त्यात सोय नाही. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत, गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गाळ्यात बिअर वा दारूचे दुकान काढावयाचे असल्यास त्या संस्थेचा नाहरकत दाखला आवश्यक राहील, असे शासनाने जाहीर केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण उपद्रव एका संस्थेच्या कुंपणाशी थांबत नाही. समोरच्या इमारतीने काय करावे?

शासन या बाबतीत इतके संथ का, याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील करांची फेररचना केली, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर पडेल अशी अपेक्षा सांगण्यात आली. ज्या हाताने परवाना द्यावयाचा, त्याच हाताने महसुलाचे उद्दिष्ट गाठावयाचे, अशा दुहेरी भूमिकेत उत्पादन शुल्क विभाग उभा आहे. अशा विभागाकडून शेजाऱ्याच्या झोपेची काळजी होईल ही आशा भाबडी म्हटली पाहिजे. पुण्याला ही कथा नवी नाही. १९०८ साली याच शहरात लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या दुकानांवर पहारे बसविले, तेव्हा परक्या सरकारने स्वयंसेवकांवर खटले भरले. आबकारीच्या उत्पन्नासाठी सरकार प्रजेच्या हिताकडे डोळेझाक करते, हा त्या वेळचा आक्षेप होता. सरकार बदलले, आबकारीचे नाव उत्पादन शुल्क झाले, राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मद्याला आळा घालण्याचे मार्गदर्शक तत्त्वही घालून दिले. पण गल्ल्याची ओढ मात्र जुनीच राहिली. २०१७ साली महामार्गालगतच्या मद्यविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा ती पाळण्यापेक्षा तिच्यातून वाट काढण्याकडे ठिकठिकाणच्या सरकारांचा किती कल होता, हे सर्वांनी पाहिले आहे.

स्थानिक हरकतीकडे शासन कटकट म्हणून पाहते. वस्तुतः ती फुकट मिळणारी माहिती असते. मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरील मद्यगृहांना आग लागून चौदा माणसे मृत्युमुखी पडली. त्या आवारातील अनधिकृत बांधकामांविषयीच्या तक्रारी त्यापूर्वीच महापालिकेकडे गेल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील रात्रगृहाच्या आगीत पंचवीस जणांचा बळी गेला. तेथेही बांधकाम बेकायदा असल्याचा आक्षेप आगीच्या बराच आधी घेतला गेला होता. जिन्याची रुंदी किती, गच्चीवर छप्पर कधी चढले, मागचे दार बंद कोणी केले, हे शेजारच्या खिडकीतून जितके स्पष्ट दिसते तितके कचेरीतल्या नकाशावरून दिसत नाही. अधिकारी वर्षातून एकदा येतो. शेजारी रोज पाहतो. त्याचे म्हणणे वेळीच ऐकले असते तर मद्यगृहात करमणुकीसाठी गेलेल्यांचे आणि तेथे राबणाऱ्या वाढप्यांचे व आचाऱ्यांचेही प्राण कदाचित वाचले असते. हरकत घेणारा हा ग्राहकाचा शत्रू नसतो, हे यावरून ध्यानी यावे.

तथापि नाण्याची दुसरी बाजू न पाहणे हे आमच्या कर्तव्याला सोडून होईल. पुणे आता रात्री दहाला निजणाऱ्या पेठांचे शहर राहिलेले नाही. परदेशी कचेऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे काम करणारे हजारो तरुण-तरुणी मध्यरात्री मोकळे होतात. त्यांनी चार घटका मित्रांसमवेत घालविल्या तर त्यात पाप नाही. प्रौढ नागरिकाने कायद्याच्या मर्यादेत काय प्यावे, हे शेजाऱ्याने ठरविण्याचे कारण नाही. एका मद्यगृहावर आचारी, वाढपी, सफाई कामगार, पहारेकरी अशा कितीतरी जणांची चूल पेटते, आणि त्यांतील बहुतेक लहान गावांतून आलेले असतात. ज्या व्यावसायिकाने सर्व नियम पाळून भांडवल घातले आहे, त्यालाही न्याय हवा. संपूर्ण बंदीचा प्रयोग याच राज्यात झाला आहे. हातभट्टी आणि हप्ते यांची भरभराट त्याच काळात झाली, हेही विसरून चालणार नाही. परवानगी असलेले आणि देखरेखीखालचे मद्यगृह हे चोरट्या अड्ड्यापेक्षा केव्हाही बरे.

आणखी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. हरकतींच्या सर्वच अर्जांमागे झोपेची चिंता असते असे नाही. कधी प्रतिस्पर्धी धंदेवाला रहिवाशांच्या आडून बाण सोडतो. कधी कोणी ‘समाजसेवक’ हरकत नोंदवितो ती मागे घेण्याची किंमत ठरविण्यासाठीच. कधी संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली मुलींच्या पोशाखावर, त्यांच्या घरी परतण्याच्या वेळेवर आणि परप्रांतीयांच्या वस्तीवर टीका सुरू होते, आणि गोंगाटाचा खरा मुद्दा तिच्यात बुडून जातो. या प्रवृत्तींनी प्रामाणिक रहिवाशांचे जितके नुकसान केले आहे तितके मद्यगृहांनीही केले नसेल. म्हणून हरकत घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, त्यांनी नीतीचे प्रवचन बाजूला ठेवावे आणि वस्तुस्थिती मांडावी. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय घडले. गल्ली किती फूट रुंद आहे आणि किती वाहने उभी राहतात. खिडकी किती अंतरावर आहे. बाहेर जाण्याचे मार्ग किती, याची नोंद असलेला एक कागद हजार सह्यांच्या अर्जाहून भारी ठरावा. मात्र असा कागद ठेवावयास मेज हवे, आणि तेच आज नाही.

असे मेज घालता येते, हे दाखविणारी उदाहरणे जगात आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये २००३ सालचा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला आणि मद्यपरवान्यांचा अधिकार दंडाधिकाऱ्यांकडून स्थानिक नगरपरिषदांकडे गेला. तेथे अर्जदाराला आपल्या जागेच्या दर्शनी भागी फिक्या निळ्या कागदावर अर्जाची सूचना २८ दिवस लावावी लागते आणि स्थानिक वृत्तपत्रातही ती प्रसिद्ध करावी लागते. या मुदतीत कोणीही लेखी म्हणणे मांडू शकतो. परंतु ते चार उद्दिष्टांपैकी एखाद्याशी संबंधित असले पाहिजे : गुन्हे व बेशिस्त यांस आळा, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवास प्रतिबंध आणि बालकांचे संरक्षण. मला मद्य आवडत नाही, किंवा माझ्या दुकानाला स्पर्धा नको, असे म्हणणे तेथे चालत नाही. हरकत आली की नगरपरिषदेच्या सभासदांची छोटी समिती उघड सुनावणी घेते, दोन्ही बाजू ऐकते आणि कारणांसह निर्णय देते. त्यावर अपील आहे, आणि पुढे उपद्रव झाल्यास परवान्याचा फेरविचार मागण्याचा मार्गही शेजाऱ्यास खुला आहे. एकाच वस्तीत मद्यगृहांची दाटी झाली तर त्यांच्या एकत्रित परिणामाचा विचार करण्याची तरतूदही तेथे आहे. त्या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे; मोठे व्यावसायिक निष्णात वकील आणतात आणि रहिवासी बिचारा एकटा असतो. पण त्याला निदान बोलावयाची जागा असते आणि आपले म्हणणे का फेटाळले हे त्याला कळते.

इंग्रजांचे सर्वच आपण उचलावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्या कायद्याच्या चौकटीत राहूनही पाच गोष्टी सहज करता येतील. पहिली, रात्री अकरानंतर चालणाऱ्या कोणत्याही परवान्याच्या अर्जाची सूचना जागेवर आणि मराठी वृत्तपत्रात प्रसिद्ध व्हावी व हरकतींसाठी किमान तीस दिवस मिळावे. दुसरी, जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याने उघड सुनावणी घ्यावी आणि निर्णय कारणांसह लेखी द्यावा. तिसरी, ‘देणे’ आणि ‘नाकारणे’ यांच्यामधल्या वाटा वापराव्यात : वेळ कमी करणे, गच्चीवर संगीतास मनाई, ध्वनिरोधक भिंती, वाहनतळाची सोय, बाहेरच्या रस्त्याची जबाबदारी मालकावर टाकणे. चौथी, परवाने दरवर्षी मार्चअखेर नूतनीकरणासाठी येतात. त्या वेळी वर्षभरातील तक्रारींची नोंद समोर ठेवल्यावाचून शाई उमटू नये. आज नूतनीकरण म्हणजे शुल्क भरल्याची पावती झाली आहे. खरे तर शासनाच्या हातातील सर्वांत बळकट लगाम तोच आहे. पाचवी, नाताळ आणि वर्षअखेर यांसाठी पहाटे पाचपर्यंत दिली जाणारी मुभा सरसकट न देता, ज्यांच्याविरुद्ध तक्रार नाही त्यांनाच द्यावी. यातल्या एकाही गोष्टीस मोठा खर्च येत नाही. लागते ती फक्त दार उघडण्याची इच्छा.

यात लोकप्रतिनिधींचीही परीक्षा आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ हे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. रात्री-बेरात्री ज्याचे दार ठोठवावे असा नगरसेवक त्या काळात नागरिकाला नव्हता, आणि नेमक्या त्याच काळात रात्रीच्या मद्यगृहांचा प्रश्न चिघळला, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. परवाना महापालिका देत नाही हे खरे. पण बांधकामाची परवानगी, अग्निशमनाचा दाखला, रस्ता आणि वाहनतळ हे सारे तिच्याच अखत्यारीत आहे. जिल्हाधिकारी कचेरी पोलिसांकडे बोट दाखविते, पोलीस महापालिकेकडे, महापालिका उत्पादन शुल्क विभागाकडे. या फेऱ्यात रहिवाशाची फाईल आणि त्याची उमेद, दोन्ही झिजून जातात. चारही खात्यांनी एका दिवशी एका खोलीत बसून हरकत ऐकली तर हा फेरा संपेल. असे करण्यास नवा कायदा लागत नाही.

रात्रीचे शहर आणि दिवसाचे शहर ही दोन निरनिराळी शहरे नव्हेत. मद्यगृहातून बाहेर पडणारा तरुण आणि वरच्या मजल्यावर कूस बदलणारा वृद्ध हे याच शहराचे नागरिक आहेत, आणि पुष्कळदा ते एकाच घरातले असतात. त्यांतील एकाची करमणूक आणि दुसऱ्याची विश्रांती यांचा मेळ घालणे हेच नगरशासनाचे काम. हा मेळ घालताना प्रत्येक वेळी शेजाऱ्याचेच म्हणणे मान्य व्हावे, असा आमचा आग्रह नाही. काही हरकती निराधार ठरतील, काही परवाने अटींसह मिळतील, काही नाकारले जातील. आमचा आग्रह एवढाच की, निर्णय होण्यापूर्वी त्याला विचारले जावे आणि विचारल्याची नोंद राहावी. ज्या कायद्याने मद्याला मनाई करून अपवाद म्हणून परवानगी दिली, त्या कायद्याच्या अंमलदारांनी शेजाऱ्याला विचारण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुढचा अर्ज कोणत्या गल्लीसाठी कचेरीत पडला आहे, हे त्या गल्लीतील लोकांना आज ठाऊक नाही. ते त्यांना शासनाकडूनच कळावे. रात्री दोन वाजता भिंतीतून येणाऱ्या ठोक्यांनी कळण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.